व्हिक्टर कुझँ या फ्रेंच तत्त्वज्ञाला आज कोणी का वाचत नाही?

एकेकाळी फ्रान्सभर दबदबा असलेला कुझँ (१७९२–१८६७) विस्मृतीत का गेला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, त्याचे खरे कर्तृत्व ग्रंथांत नसून फ्रान्सच्या शिक्षणव्यवस्थेत आहे, आणि व्यवस्था उभारणाऱ्याचे नाव मागे पडायला वेळ लागत नाही.

पॅरिसमधील कारागिराच्या घरी जन्मलेला हा मुलगा १८१५ मध्ये सोर्बोन या पॅरिसच्या विद्यापीठात व्याख्याने देऊ लागला. १८१७ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला त्याची हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाशी ओळख झाली. उदारमतवादी म्हणून सरकारची त्याच्यावर वक्रदृष्टी होतीच. १८२० मध्ये त्याची व्याख्याने बंद झाली आणि १८२४ मध्ये क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याला ड्रेस्डेनमध्ये पकडून बर्लिनच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेव्हा खुद्द हेगेलने प्रशियाच्या गृहमंत्र्यांना पत्र लिहून त्याची बाजू मांडली.

१८३० च्या जुलै क्रांतीत फ्रान्सची राजवट बदलल्यानंतर मात्र पारडे फिरले. शिक्षण मंडळाचे सदस्यत्व, एकोल नॉर्माल या अध्यापक घडवणाऱ्या संस्थेचे संचालकपद, १८४० मध्ये काही महिने शिक्षणमंत्रिपद, आणि या सर्वांहून प्रभावी म्हणजे तत्त्वज्ञानाचे अध्यापक निवडणाऱ्या स्पर्धापरीक्षेच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद! कोणी शिकवावे आणि काय शिकवावे, या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती आल्या. ज्याला सत्तेने गप्प केले होते, त्यानेच पुढे इतरांच्या अध्यापनावर करडी नजर ठेवली, हे मला खटकते.

त्याच्या विचारसरणीला समन्वयवाद म्हणतात. इंद्रियानुभववाद (सारे ज्ञान इंद्रियांतून येते हे मत), चिद्वाद (मन वा कल्पनाच मूलभूत हे मत), संशयवाद आणि गूढवाद या चार संप्रदायांतच सारे तत्त्वज्ञान मावते आणि प्रत्येकात सत्याचा अंश असतो, असे तो मानी. १८२९ च्या व्याख्यानांत त्याने भारतीय दर्शनेही याच चौकटीत बसवली. संस्कृत येत नसल्याने त्याची भिस्त कोलब्रुक या इंग्रज संस्कृतज्ञाच्या इंग्रजी निबंधांवर होती. कपिलाचे सांख्य त्याने इंद्रियानुभववादात टाकले. पण प्रकृतीहून, म्हणजे जड सृष्टीच्या मूळ तत्त्वाहून, सर्वस्वी वेगळा असा चेतन पुरुष (आत्मा) मानणारे आणि अनुमान व आप्तवचन (विश्वसनीयांचे वचन) यांनाही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, ठरवणारे दर्शन त्या खणात कसे बसावे? समन्वयाच्या नावाखाली वर्गीकरण उरकण्याची त्याची खोड इथे उघडी पडते.

१८५७ मध्ये इपोलित तेन या फ्रेंच समीक्षकाने त्याच्यावर आणि त्याच्या परंपरेवर उपहासाने भरलेले पुस्तक लिहिले, आणि कुझँची प्रतिष्ठा पुन्हा सावरली नाही. तरीही प्लेटोचे त्याने केलेले १३ खंडांतील भाषांतर आणि देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या ग्रंथांचे संपादन ही कामे मी त्याच्या स्वतंत्र लेखनापेक्षा मोलाची मानतो.