वाचकांचे प्रश्न : बी.कॉम.चे क्रेडिट, मायनरची निवड आणि घराजवळचे महाविद्यालय

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. त्यानंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलला आहे. पूर्वी वाचक किती टक्के मिळतील असे विचारीत, आता किती क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजली जाणारी एकके) झाली आणि कोणती उरली असे विचारतात. या अंकासाठी अशीच काही पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात इंग्रजीचा दोन क्रेडिटचा पेपर राहिला. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या सत्रात मी दोन क्रेडिटचा एक जास्तीचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केला. पहिल्या वर्षाची ४४ क्रेडिटची बेरीज त्यामुळे पुरी होते, तरीही निकालपत्रात इंग्रजी बाकी दाखवले आहे. हे चूक आहे की बरोबर? दुसरे असे की, मला मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून मार्केटिंग हवे होते, पण आमच्याकडे फक्त अर्थशास्त्र मिळते. – एक विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : निकालपत्र बरोबर आहे. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६० ते १७६ क्रेडिट ठरवलेली आहेत, आणि सत्राला २२ या हिशेबाने तुमचे ४४ येतात, इथपर्यंत तुमचे गणित ठीक आहे. मात्र पदवी नुसत्या बेरजेवर मिळत नाही. क्रेडिट गटागटांनी मोजली जातात आणि प्रत्येक गट स्वतंत्रपणे पुरा व्हावा लागतो. तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, म्हणून खतावणीचे उदाहरण देतो : एका खात्यावर शिल्लक पडून आहे, एवढ्याने दुसऱ्या खात्यावरची बाकी फिटत नाही.

हे गट असे आहेत. मेजर, म्हणजे वाणिज्याचे मुख्य विषय, एकूण क्रेडिटच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतात. मायनरला साधारण १८ ते २० आणि ओपन इलेक्टिव्हला १० ते १२ क्रेडिट आहेत. ओपन इलेक्टिव्ह तुमच्या शाखेबाहेरचेच घ्यावे लागते, त्यामुळे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने तिथे पुन्हा लेखाशास्त्राचाच एखादा सोपा पेपर घेऊन चालत नाही. व्यावसायिक आणि कौशल्य अभ्यासक्रम मिळून १४ ते १६, भाषांचे ८, मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञानप्रणालीचे २, तर एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग यांसारख्या सहशालेय उपक्रमांचे ८. याशिवाय क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते. भाषांच्या आठांपैकी चार इंग्रजीचे आणि चार भारतीय भाषेचे असतात. तुमची बाकी याच चारांतली आहे, आणि ती इंग्रजीचा पेपर सोडवूनच फिटेल. कौशल्य अभ्यासक्रमाचे श्रम वाया गेले असे मात्र समजू नये. तो विद्यापीठाच्या मान्य यादीतला असेल तर पुढच्या एखाद्या सत्रात त्याच गटात धरता येतो का, हे महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला लेखी अर्ज करून विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते, आणि दोन वर्षांनी ते कोणालाही आठवत नाही.

राहिलेला पेपर शेवटच्या सत्रावर ढकलू नका. सहाव्या सत्रात चार क्रेडिटचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते, त्यामुळे त्याच वेळी पहिल्या सत्राचा अभ्यास करणे जड जाते. आपल्या भागातली दुसरी अडचण ऋतूची आहे. विषम सत्राचा उत्तरार्ध सोयाबीनच्या सोंगणीत आणि कापसाच्या वेचणीत येतो. घरी माणूसबळ कमी असले की मुलगा पंधरा-पंधरा दिवस वर्गात दिसत नाही, आणि मग ७५ टक्के हजेरीचा प्रश्न उभा राहतो. म्हणून तिसऱ्या आणि पाचव्या सत्रात निवड तुमच्या हाती असेल तिथे हलके विषय घ्यावेत आणि अवघड निवडीचे विषय सम सत्रात ठेवावेत. राहिलेल्या पेपरसाठी उन्हाळी परीक्षा मिळत असेल तर तीच धरावी.

आता मायनर. लहान महाविद्यालयात मायनर काय मिळेल हे तिथल्या मंजूर प्राध्यापकांवर ठरते, आवडीवर क्वचितच. माझ्या मते अर्थशास्त्र मिळते आहे हे तुमचे नशीबच म्हणावे. एमपीएससी, बँका किंवा सहकार खात्याच्या परीक्षांची तयारी करणाऱ्याला ते वाणिज्याइतकेच उपयोगी पडते, आणि मार्केटिंगचा पाया मेजरमध्येही काही प्रमाणात येतोच. मार्केटिंगच शिकायचे असेल तर ‘स्वयम्’ या शासकीय मंचावर अभ्यासक्रम आहेत. तिथे शिकणे विनामूल्य आहे, परीक्षेला शुल्क पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन घेता येतात, परंतु विद्यापीठाने तो अभ्यासक्रम स्वीकारलेला असावा लागतो आणि संमती नोंदणीच्या आधी घ्यावी लागते.

प्रश्न : मुलगा बारावी वाणिज्य उत्तीर्ण झाला. एका खासगी संस्थेचे प्रतिनिधी घरी येऊन सांगून गेले की बी.कॉम.ला आता किंमत उरलेली नाही, बीबीए करा, पुढे एमबीए सोपे जाते. मुलाने सीईटी दिलेली नाही, तरी प्रवेश करून देऊ असे ते म्हणतात. शेती सात एकर, कोरडवाहू. काय करावे? – एक पालक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : एमबीएच्या प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी किमान ५० टक्के गुणांसह चालते आणि राखीव प्रवर्गाला ४५ टक्के पुरतात. त्या दारात बी.कॉम. आणि बीबीए यांत फरक नाही. घरी आलेल्यांनी ही गोष्ट सांगितली नसेल, तर बाकीचेही तपासून घ्यावे.

बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागा रिकाम्या राहतील असे दिसल्यावर सीईटी कक्षाने ती परीक्षा दुसऱ्यांदा घेतली होती, तेव्हा कक्षाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवायला हरकत नाही. काही संस्थांनी सीईटी टाळण्यासाठी जुन्याच अभ्यासक्रमाला बी.कॉम.ची एखादी विशेष शाखा असे नाव दिले. त्यात बेकायदेशीर काही असेलच असे नाही, पण तुम्हाला सांगितलेले नाव आणि पदवीवर छापले जाणारे नाव एकच आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. संस्था संलग्न असल्याचे विद्यापीठाच्या यादीत पाहा, आणि बीबीए असेल तर एआयसीटीईची मान्यताही पाहा.

अभ्यासक्रमाचे म्हणाल तर बी.कॉम.मध्ये वित्तीय लेखाशास्त्र, परिव्यय, प्राप्तिकर, अंकेक्षण आणि व्यापारी कायदा यांवर भर असतो. बीबीएमध्ये विपणन, मनुष्यबळ, संघटन आणि सादरीकरण यांचा वाटा मोठा असतो. हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारपेठेत जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या, अडते आणि पतसंस्था आहेत. तिथे खतावणी लिहिणारा, जीएसटीचे विवरणपत्र भरणारा मुलगा लागतो. सात एकर कोरडवाहूच्या जिवावर दूरच्या शहरात शुल्क, खोली आणि मेस असा खर्च करण्याआधी हे पाहावे. चांगले प्राध्यापक आणि खरोखर होणारी भरती असलेल्या संस्थेतला बीबीए मी नाकारत नाही, पण घरोघर फिरून विद्यार्थी गोळा कराव्या लागणाऱ्या संस्थेत तो घेऊ नये. घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम.ला प्रवेश घ्या आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर दर वर्षी वेळेत भरा. पहिल्या वर्षी मंजूर झालेली शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी नूतनीकरण न केल्यामुळे हातची जाते, असे पुष्कळ मुलांच्या बाबतीत घडते.

प्रश्न : घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर बी.कॉम. सोडावे लागेल असे दिसते. एक वर्ष केले तरी प्रमाणपत्र मिळते असे ऐकले. त्यावर नोकरी मिळेल का, आणि नंतर परत येता येईल का? – एक विद्यार्थिनी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : पहिल्या वर्षाची सर्व क्रेडिट पूर्ण असतील आणि त्यांवर चार क्रेडिटचा एक कौशल्याधारित अभ्यासक्रम जास्तीचा केला, तर पदवीस्तरीय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दोन वर्षांनंतर त्याच रीतीने पदविका मिळते. ते चार क्रेडिट बहुतेक मुलींना कोणी सांगतच नाही. त्या नुसत्या निघून जातात आणि हाती फक्त गुणपत्रक राहते. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यावे लागते आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते.

नोकरीबाबत स्पष्टच लिहितो. बँकेची अधिकारीपदे, एमपीएससीची राज्यसेवा, जिथे जिथे पदवी मागितली आहे तिथे हे प्रमाणपत्र चालणार नाही. म्हणून सोडण्याचा निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. प्राचार्यांना भेटून कमवा व शिका योजनेत जागा आहे का ते विचारा. रोजच्या प्रवासाचाच भार असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी.कॉम.चा विचार करा, कारण तीही पूर्ण पदवीच आहे आणि घरी राहून करता येते. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेही हिशेबात धरा.

सोडावेच लागले, तर त्याआधी डिजिलॉकरमध्ये जाऊन अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते उघडून पाहा. तुमच्या अपार, म्हणजे विद्यार्थी ओळख क्रमांकासमोर दोन्ही सत्रांची क्रेडिट जमा दिसली पाहिजेत. आधारवर एक नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, कुठे वडिलांचे नाव नाही तर कुठे आडनावाची जोडाक्षरे वेगळी, एवढ्यावरून नोंद अडकते. ही दुरुस्ती महाविद्यालयात नाव चालू असताना सहज होते, नंतर फेऱ्या पडतात.

प्रश्न : शेवटच्या सत्रातले प्रत्यक्ष प्रशिक्षण आमच्या काकांच्या कृषी केंद्रात केले तर चालेल का? शहरात राहण्याची सोय नाही. – एक विद्यार्थी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : एका क्रेडिटला ३० तास धरले तर चार क्रेडिटचे १२० तास होतात, आणि एवढ्या वेळात कृषी केंद्रात शिकण्यासारखे इतके आहे की शहरात जायची गरज नाही. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने वेगवेगळे असतात. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नाही, खताला ५ टक्के आहे आणि रासायनिक कीटकनाशकाला १८ टक्के. एकाच काउंटरवरून करपात्र आणि करमुक्त माल विकला जात असल्यामुळे दुकानभाडे, फोन अशा सामायिक खर्चावरच्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा, काही भाग परत करावा लागतो. हे वर्गात फळ्यावर समजत नाही, दोन महिन्यांची बिले मांडून बसल्यावर समजते. अनुदानित खत आधारच्या आधारे पॉस यंत्रावर विकले जाते आणि यंत्रातला साठा व गोदामातल्या गोण्या जुळल्या पाहिजेत. तो ताळा रोज घ्या. खरिपातली उधारी माल घरात आल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे वसूल होते. कोणती बाकी किती महिन्यांची आहे याचा तक्ता काढला तर तोच तुमच्या अहवालाचा गाभा होईल.

अडचण काकांची आहे. हजेरीवर आणि मूल्यमापनावर सही करणारा नात्यातला असला की अहवालाकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते वावगेही नाही. त्याच बाजारातल्या दुसऱ्या केंद्रचालकाला किंवा गावातल्या करसल्लागाराला विचारा, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची लेखी मान्यता आधी घ्या. अहवालात ग्राहकांची नावे घालू नका, क्रमांक पुरेत.

प्रश्न : चौथे वर्ष करावे का? मला सीए व्हायचे आहे. – एक विद्यार्थिनी, जि. बुलढाणा

उत्तर : सीएसाठी चौथ्या वर्षाची गरज नाही. बारावीनंतर फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा देऊन पुढे जाता येते. ती देणे झाले नाही, तर वाणिज्याची पदवी ५५ टक्क्यांनी मिळवल्यावर फाउंडेशनशिवाय थेट इंटरमिजिएट या पुढच्या टप्प्याला नोंदणी करता येते. प्राध्यापकी किंवा संशोधन करायचे असेल तर चौथे वर्ष उपयोगी आहे. पहिल्या सहा सत्रांत साडेसात किंवा अधिक सीजीपीए (सर्व सत्रांचे सरासरी श्रेणीगुण) असेल तर संशोधनासह ऑनर्स करता येते, आणि चार वर्षांनंतर एम.कॉम. एका वर्षात होते. तुम्ही सीएच करणार असाल तर ते वर्ष आर्टिकलशिपकडे, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीकडे द्यावे.