शार्लटला येऊन मुलाला नॅस्कारचा चालक करता येईल का?

सप्रेम नमस्कार,

कंपनीतर्फे एल-1 व्हिसावर आपली बदली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटला होऊ शकते, पंधरा वर्षांचे चिरंजीव कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग करतात आणि त्यांना नॅस्कारमध्ये, म्हणजे अमेरिकेतील स्टॉक कार (नेहमीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) शर्यतींत जायचे आहे. तर बदली याच कारणासाठी स्वीकारावी का, असे आपण विचारले आहे. मी शार्लटलगत कॉन्कर्डला राहतो आणि या शर्यती जवळून पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गाव आपण अचूक निवडले आहे. नॅस्कारचे मुख्यालय फ्लोरिडातील डेटोना बीचला असले, तरी बहुतेक मोठ्या संघांचे कारखाने याच परिसरात आहेत: हेंड्रिक कॉन्कर्डला, जो गिब्स हंटर्सव्हिलला, पेन्स्की मूर्सव्हिलला. मेकॅनिक, इंजिनिअर आणि चालक एकाच किराणा दुकानात भेटतात, आणि नव्या मुलाचे नाव ज्यांच्या कानावर जायला हवे ते लोकही इथेच असतात.

वयाची काळजी मात्र रास्त आहे. इथली मुले पाचव्या वर्षापासून क्वार्टर मिजेट नावाच्या चिमुकल्या गाड्या चालवतात. तरीही विल्यम बायरनचे उदाहरण पाहावे. 1997 साली शार्लटमध्ये जन्मलेला हा मुलगा आधी घरी संगणकावर आयरेसिंग हा शर्यतीचा खेळ खेळत असे आणि खऱ्या गाडीत तो चौदा-पंधराव्या वर्षी बसला. 2016 मध्ये त्याने नॅस्कारच्या तिसऱ्या श्रेणीच्या ट्रक मालिकेच्या पहिल्याच हंगामात सात शर्यती जिंकल्या, 2017 मध्ये दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले, 2018 पासून तो सर्वोच्च कप मालिकेत आहे आणि 2024 व 2025 अशी सलग दोन वर्षे त्याने डेटोना 500 ही कपमधील सर्वांत मानाची शर्यत जिंकली. मात्र त्याच्या गाडीवर प्रायोजक म्हणून लिबर्टी विद्यापीठाचे नाव ट्रक मालिकेच्याही आधीपासून होते, ही बाब कौतुकाच्या लेखांत एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

बायरनप्रमाणे आपल्या मुलालाही सुरुवात लेजंड्स गाडीपासून करावी लागेल. जुन्या काळच्या कूपे मोटारींची ही छोटी प्रतिकृती असते. वर फायबरग्लासचे कवच, आत यामाहाचे मोटारसायकलचे इंजिन. उन्हाळ्यात शार्लट मोटर स्पीडवेच्या मुख्य सरळ भागापुढील पाव मैलाच्या ट्रॅकवर यांच्या शर्यती होतात. तिथे एकदा तरी पिटमध्ये फिरून यावे. वडील टेप घेऊन टायरांचा घेर मोजत असतात, कारण डावीकडेच वळायचे असल्याने उजव्या बाजूचा टायर किंचित मोठा ठेवतात. आणि शेजारी हेल्मेट काखेत धरून उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा, गाडी वळणात शिरताना ‘लूज’ होती की मध्यावर ‘टाइट’, म्हणजे मागची चाके सुटत होती की नाक वळत नव्हते, हे भराभर सांगत असतो. नेमके सांगण्याची ही सवय चिरंजीवांनी आतापासून लावून घ्यावी, तीही इंग्रजीत, कारण पुढे रेडिओवर हेच बोलणे क्रू चीफशी, म्हणजे गाडीच्या तांत्रिक प्रमुखाशी, करायचे असते.

त्यानंतर लेट मॉडेल (स्थानिक ट्रॅकवरच्या पूर्ण आकाराच्या गाड्या), मग आर्का (राष्ट्रीय मालिकांखालची पायरी), मग ट्रक, दुसरी श्रेणी आणि शेवटी कप असा क्रम आहे. ट्रक मालिकेत सोळाव्या वर्षी प्रवेश मिळतो, पण सव्वा मैलाहून मोठ्या ओव्हल, म्हणजे लंबगोल, ट्रॅकसाठी अठरा पूर्ण लागतात. खरा अडसर पैशाचा आहे. कप मालिकेखालच्या बऱ्याच जागांवर संघ चालकाला पगार देत नाही, उलट चालकानेच प्रायोजक आणायचा असतो. आपल्या पगारातून लेजंड्सचा हंगाम काटकसरीने निभावेल. आर्काचा निभावणार नाही, आणि त्यासाठी पुण्यातला फ्लॅट विकण्याचा विचार तर मनातही आणू नये.

व्हिसाचा प्रश्न याहून नाजूक आहे. एल-2, म्हणजे एल-1 धारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावर आलेला मुलगा शिकू शकतो, कमावू शकत नाही, आणि एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग किती लांब आहे हे आपण जाणताच. बक्षिसाची रक्कम स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

परदेशी मुलासाठी वाचण्यासारखी वाटचाल डॅनिएल सुआरेसची आहे. मेक्सिकोतील माँतेर्रेचा हा मुलगा मायदेशातील नॅस्कार मालिकेत गाडी चालवत असतानाच शार्लटला आला, टीव्हीवरील कार्टून पाहून इंग्रजी शिकला आणि नॅस्कारच्या ‘ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी’ या अल्पसंख्याक व महिला चालकांसाठीच्या उपक्रमातून पुढे गेला. 2016 मध्ये तो दुसऱ्या श्रेणीचा विजेता झाला. नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकेचे विजेतेपद मिळवणारा तो अमेरिकेबाहेर जन्मलेला पहिला चालक. त्यानंतरही त्याला लागोपाठ संघ बदलावे लागले आणि कपमधला पहिला विजय 2022 मध्ये, सोनोमाला मिळाला. त्याच्यामागे मेक्सिकोतील मालिका आणि तिथले प्रायोजक होते. आपल्याकडे या खेळाला अजून तसे पाठबळ नाही.

म्हणून बदली आपल्या नोकरीच्या आणि कुटुंबाच्या हिशेबाने पटत असेल तरच घ्यावी. शर्यतीसाठी म्हणून घेऊ नये. यायचे ठरले, तर तोवर घरी स्टिअरिंग आणि पेडल घेऊन आयरेसिंगवर ओव्हलचा सराव सुरू करावा, कारण कार्टिंगमध्ये दोन्हीकडे वळायची सवय असलेल्या मुलांना सतत डावीकडचे वळण सुरुवातीला कंटाळवाणे आणि मग फार अवघड वाटते. शालेय शिक्षणानंतर शार्लटच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकता येते. तो अर्ज चिरंजीवांनी चालक व्हायचे स्वप्न न सोडताही भरावा. आणि कंपनीशी बोलताना ग्रीन कार्डाचा अर्ज ती कधी सुरू करणार, हे बदलीच्या पत्रातच लिहून मागावे.