वाचकांचे प्रश्न : एक खाना बदलला, सारा व्हेक्टर कसा बदलला?

प्रश्न : सांख्यिकीच्या प्रकल्पासाठी मी आर ही संगणकीय भाषा वापरते. पाच विद्यार्थ्यांच्या गुणांचा ‘गुण’ नावाचा व्हेक्टर (म्हणजे क्रमाने मांडलेल्या किमतींची यादी) होता. त्यात चुकून गुण[८] <- ७२ असे लिहिले, तर तक्रार न करता तो आठ जागांचा झाला आणि सहाव्या-सातव्या जागी एनए (म्हणजे ‘किंमत उपलब्ध नाही’ अशी खूण) आले. नंतर दुसऱ्या जागी "गैरहजर" लिहिले, तेव्हापासून सरासरी निघेनाशी झाली. शिवाय फंक्शनच्या (म्हणजे ठरावीक काम करून उत्तर परत देणाऱ्या ओळींच्या संचाच्या) आत केलेला बदल बाहेर दिसत नाही. असे का होते?

उत्तर : गुण[२] <- ६५ ही ओळ वाचताना दुसऱ्या खान्यातली किंमत पुसून तेथे नवी लिहिली जाते, असेच चित्र डोळ्यांसमोर येते, आणि सी भाषेकडून आलेल्यांच्या तर ते अंगवळणी पडलेले असते. आर या ओळीचा अर्थ वेगळा लावते. चौकटी कंस आणि बाण मिळून तेथे एक फंक्शनच आहे व त्याचे नावही `[<-` असेच आहे, त्याला जुना व्हेक्टर, जागेचा क्रमांक आणि नवी किंमत दिली की ते बदललेला व्हेक्टर परत करते, आणि तो ‘गुण’ या नावाला पुन्हा जोडला जातो. म्हणून गुण <- `[<-`(गुण, २, ६५) असे लिहिले तरी परिणाम तोच होतो. (नावे आणि आकडे येथे छपाईपुरते देवनागरीत आहेत, संगणकावर आकडे इंग्रजीच टाकावेत.) त्या व्हेक्टरला दुसरे कोणतेही नाव जोडलेले नसेल तर आर प्रत काढणे टाळून जागच्या जागी बदल करू शकते, पण ती वेळ वाचवण्याची आतली सोय आहे, ओळीचा अर्थ त्यामुळे बदलत नाही.

आपला तिसरा प्रश्न येथेच सुटतो. फंक्शनच्या आत बाहेरचा ‘गुण’ सापडतो, पण बदललेला व्हेक्टर ज्या ‘गुण’ला जोडला जातो ते नाव फंक्शनचे स्वतःचे असते आणि काम संपताच ते जाते. बदललेला व्हेक्टर फंक्शनने परत करावा आणि बाहेर पुन्हा ‘गुण’मध्ये ठेवावा. दुहेरी बाण (<<-) वापरून बाहेरचे नाव थेट बदलता येते, परंतु नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

लांबीच्या बाबतीत आर उदार आहे. लांबीपलीकडचा क्रमांक दिला की तेवढा व्हेक्टर वाढवून मधल्या जागा एनएने भरल्या जातात. लूपमध्ये (म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींमध्ये) असे एकेक खाना वाढवत जाणे मात्र टाळावे. लांबी आधी माहीत असेल तर तेवढा व्हेक्टर सुरुवातीलाच तयार करावा.

खरा घोटाळा "गैरहजर" या शब्दाने केला आहे. व्हेक्टरमधील सर्व घटक एकाच प्रकारचे असावे लागतात. संख्यांमध्ये एक शब्द आला की सगळ्या संख्यांचे अक्षररूप होते आणि ७२ ही संख्या न राहता "७२" ही अक्षरे उरतात. त्या जागी नंतर ६० लिहिले तरी गाडी मागे फिरत नाही, उलट ६० चेच "६०" होते. यात धोका असा की काही ओळी तक्रार न करता चालतच राहतात. समजा, ३५ पेक्षा कमी असलेले सर्व गुण ३५ करण्यासाठी आपण गुण[गुण < ३५] <- ३५ असे लिहिले. आता तुलना संख्यांची नसून अक्षरांची होते, आणि शब्दकोशाच्या क्रमात "१००" हे "३५" च्या आधी येते. त्यामुळे शंभर गुण मिळवणाऱ्याचेही पस्तीस होतात आणि पडद्यावर एकही सूचना येत नाही.

तेव्हा गैरहजर विद्यार्थ्यासाठी एनएच ठेवावे आणि सरासरी काढताना एनए वगळण्याचा पर्याय द्यावा. पस्तीस गुणांची वरची ओळ संख्यांमध्ये एनए असतानाही नीट चालते, कारण उजवीकडे एकच किंमत आहे. एकाहून अधिक किमती असत्या तर अटीतील एनएमुळे आरने ओळ नाकारली असती. आताचा व्हेक्टर दुरुस्त करण्यासाठी तो अ‍ॅज-न्यूमेरिक या फंक्शनमधून काढावा. "गैरहजर"चे आपोआप एनए होईल आणि त्याबद्दल एक इशारा दिसेल. येथे तो अपेक्षितच आहे. मग गुण <- गुण[१:५] असे लिहून चुकून वाढलेल्या जागाही काढून टाकाव्यात.