नेट तुटतंय? मदरबोर्ड बदलण्याआधी वायर बघा

प्रश्न : डेस्कटॉपचं नेट अधूनमधून जातं, मिनिटभरात आपोआप येतं. त्याच राउटरच्या वायफायवर मोबाइल मात्र सुरळीत चालतो. दुकानदार म्हणतो, लॅन पोर्ट (नेटची वायर खोचायची जागा) गेलाय, मदरबोर्ड बदला.

उत्तर : एवढ्यात पाकीट काढू नका. नेट जाईल तेव्हा कॉम्प्युटरच्या मागे वाकून पोर्टजवळचे बारके दिवे बघा. तेही विझत असतील तर लिंकच, म्हणजे राउटरशी असलेली जोडणीच, तुटतेय. कनेक्टर किंचित हलवा; दिवे लुकलुकले तर दोष कनेक्टरचा किंवा पोर्टच्या आतल्या पिनांचा. प्लास्टिकची क्लिप मोडलेली वायर नुसती अडकवून ठेवलेली असते आणि पंख्याच्या थरथरीनेही ती सुटते. आधी दुसरी वायर लावा, मग राउटरचा दुसरा पोर्ट. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर दोष कशात होता ते कळणारच नाही.

दिवे चालू राहून नेट जात असेल तर ड्रायव्हरकडे, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, वळा. तो मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी असते, ती काढा. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ दिसलं तर तेही बंद करून बघा. घरच्या डेस्कटॉपवर त्यातून वाचणारी वीज नगण्य असते.

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा, कार्ड गिगाबिट (१००० एमबीपीएसचं), तरी वेग ९५ च्या वर जात नाही.

उत्तर : ९५ हा आकडा दिसला की माझा संशय थेट वायरीवर जातो. १०० एमबीपीएसच्या लिंकला आठपैकी चारच तारा लागतात : १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक जरी तुटली तरी लिंक बहुधा १०० वर उतरते आणि नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करून, म्हणजे नवे कनेक्टर दाबून बसवून, घ्या. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची निघाली तर सरळ बदला. राउटरचा पोर्टच १०० चा नाही ना, तेवढं मात्र आधी तपासा.

प्रश्न : संध्याकाळी शटडाउन केलं, सकाळी लॅन कार्ड गायब!

उत्तर : प्लग काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग सुरू करा. कार्ड परत आलं तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवा. ते चालू असताना शटडाउन पूर्ण होत नाही.

प्रश्न : वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि लॅन पोर्ट मेला. स्पाइक गार्ड होता की!

उत्तर : साधा स्पाइक गार्ड प्लगमधून येणाऱ्या विजेची बाजू सांभाळतो. गच्चीवरून खाली आलेल्या तांब्याच्या लॅन वायरीतून झटका आला तर तो काय करणार? बाकी मशीन ठीक असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जुना पोर्ट बंद करा आणि मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये साधं गिगाबिट कार्ड बसवा. स्लॉट मोकळा नसेल तर यूएसबी ३.० चा अ‍ॅडॉप्टरही चालेल. ऑपरेटर फायबर देत असेल तर घ्या, काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. तोवर आभाळ भरून आलं की प्लगबरोबर लॅनची वायरही काढून ठेवा.