आधी कोर्ट की थेट कंपनी?

बडोद्यात एलएल.बी. पूर्ण केल्यावर थेट कंपनीच्या विधी विभागात नोकरी धरावी की आधी कोर्टात काही वर्षे काढावीत, असे आपण विचारले आहे. मकरपुऱ्यातील एका कारखान्यात मी हेच काम करतो आणि माझे मत असे की, निदान तीन वर्षे कोर्टात काढावीत.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरल्यावर बार कौन्सिलला तसे कळवून वकिली थांबवावी लागते. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केल्याने, थेट नोकरीत शिरलेल्याला ती वाट अवघड होते.

माझ्या लेखी मोठे कारण मात्र निराळे आहे. कागद भांडणात कसा वाचला जातो, हे पाहिल्याशिवाय तो तपासता येत नाही. पहिल्याच वर्षी एका परचेस ऑर्डरवरची किंमत, मुदत आणि दंड मी नीट पाहिला आणि शिक्का मारून प्रत परत पाठवायला सांगितले. आमच्या कोटेशनमध्ये न्यायक्षेत्र बडोदा होते. ऑर्डरच्या पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत लवाद चेन्नईत असल्याचे छापले होते आणि शिक्का मारून आम्ही ती अटही मान्य करून बसलो होतो. पैसे अडकले तेव्हा चेन्नईला खेटे आम्ही घातले. तेव्हापासून मी ऑर्डर पाठीमागूनच वाचायला घेतो.

उरलेले बरेचसे काम तारखा सांभाळण्याचे असते. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यावी लागते. पण बँकेचा तो मेमो अकाउंट्सच्या टेबलावर पडून राहतो, म्हणून मी रोजचा चहा तिथेच घेतो. (घरी मराठी असली तरी तिथे गुजराती अस्खलित हवी.)

ईमेल लिहितानाही जपावे. वकील-अशील गोपनीयतेचे (म्हणजे दोघांमधला सल्ला कोर्टात उघड करावा न लागण्याचे) संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला वकील म्हणून मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नाजूक प्रकरणात बाहेरच्या वकिलाचे मत घेतलेले बरे.

मुलाखतीत पगाराआधी एक गोष्ट विचारून घ्या: करार आपल्याकडे सहीच्या आधी येणार की नंतर? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर दुसरीकडे अर्ज करा.