आधी पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला चांगले मार्क होते. तिला गुन्हेगारी कादंबऱ्या, रहस्यकथा आणि कॉमिक्सचं भयंकर वेड आहे. सतरा वर्षांची घोडी झाली तरी कॉमिक्स वाचते. पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात जेमतेम पास झाली (गणितात मात्र ८० च्या वर आहेत), तेव्हा आम्ही सगळी पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. मार्क आले की परत मिळतील असं सांगितलंय. तिची एक वही होती. त्यात वाट्टेल ते लिहायची. नमुना देतो : ‘पान ११८. माळी खोटं बोलतोय. पावसात आलो म्हणतो, पण छत्री कोरडी. – चूक. छत्री त्याची नव्हतीच.’ दिवाळीत पाहुण्यांसमोर आम्ही ती वही वाचून दाखवली. तेव्हापासून ते लिहिणं बंद झालं, हे एक बरं झालं. आता एका परिचितांनी सांगितलं की फॉरेन्सिक सायन्सला खूप स्कोप आहे. म्हणजे तिच्या वाचनाचं काहीतरी सार्थक होईल. तिला विचारलं तर ‘चालेल’ म्हणते. कृपया चांगली कॉलेजं, प्रवेश परीक्षा आणि नोकरीच्या संधी सांगाव्यात. – एक वडील

उत्तर : तुम्ही विचारलंय ते सांगते, पण आधी वहीबद्दल बोलू.

रसायनशास्त्राचे मार्क वाचून मला काळजी वाटली नाही. अकरावीच्या पहिल्या सत्रात दहावीच्या हुशार मुलांची अशी घसरगुंडी होतेच, पुढे बहुतेक जण सावरतात. काळजी वाटली ती ‘हे एक बरं झालं’ या वाक्यानं. सतरा वर्षांच्या मुलीची वही चारचौघांत वाचायची नसते. तुमचा हेतू वाईट नसेल, कदाचित कौतुकानंच वाचली असेल. पण हसणाऱ्या पाहुण्यांच्या मधोमध बसलेल्या मुलीपर्यंत ते कौतुक पोचत नाही. तिचं ‘चालेल’ बहुधा त्याच दिवशी सुरू झालं असावं. माझ्यासमोर बसून आईवडिलांशी तावातावानं भांडणारी मुलं मला आवडतात, कारण त्यांच्याशी बोलता येतं. ‘चालेल’ म्हणणाऱ्या मुलाशी काय बोलणार? ती फॉर्म भरतात, प्रवेश घेतात आणि दुसऱ्या वर्षाला ‘मला हे जमत नाहीये’ म्हणून घरी येऊन बसतात. तेव्हा पालक विचारतात, ‘मग तेव्हा का नाही बोललास?’

आता ती छत्रीची नोंद पुन्हा वाचा, पाहुणे गेल्यानंतर. माळ्याचं बोलणं एकीकडे आणि वस्तूची अवस्था दुसरीकडे, या दोन्ही गोष्टी तिनं शेजारी शेजारी ठेवल्या. विसंगती दिसली. तिच्यावरून निष्कर्ष काढला, आणि शेवट कळायच्या आत तो पानाच्या क्रमांकासह कागदावर उतरवला. पुढे वाचताना तो फसला, तर पान फाडलं नाही की खाडाखोड केली नाही. आपण कुठे फसलो तेही लिहून ठेवलं : छत्री त्याचीच असणार, हे तिनं न तपासता गृहीत धरलं होतं. पुरावा बरोबर वाचला, गृहीतक चुकलं. हा फरक कळायला लोकांची निम्मी नोकरी जाते. तुमच्या मुलीनं तो कुणीही न सांगता, गंमत म्हणून केला, आणि आपण घरच्या घरी त्यावर हसलो.

तुम्हाला मात्र त्या वहीत काही दिसलं नाही, आणि ‘फॉरेन्सिक’ हा शब्द ऐकल्यावर अचानक सार्थक दिसलं. इथेच माझा तुमच्याशी खरा मतभेद आहे.

परिचितांचं सगळंच चुकलंय असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांमध्ये न्यायसहायक (म्हणजेच फॉरेन्सिक) तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, अशी तरतूद आहे. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. म्हणजे माणसं लागणार, हे खरं. पण ‘रहस्यकथा आवडतात, म्हणजे फॉरेन्सिक आवडेल’ हा गैरसमज आहे, आणि तो मी इतक्या घरांत पाहिलाय की जरा सविस्तर सांगते. पुस्तकातला गुप्तहेर एकटाच सगळं करतो. घटनास्थळी जातो, भिंगातून धूळ बघतो, स्वयंपाकिणीला बोलतं करतो आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुनी कोण ते सांगतो. प्रत्यक्षात हे काम अनेकांत वाटलेलं असतं, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाच्या वाट्याला त्यातला सगळ्यात शांत तुकडा येतो. त्याच्या टेबलावर सील केलेलं पार्सल येतं, किंवा व्हिसेराची, म्हणजे मृतदेहातून तपासणीसाठी काढलेल्या अवयवांची, बरणी. सील शाबूत आहे का, पोलिसांनी सोबत पाठवलेल्या नमुन्याच्या सीलशी ते जुळतं का, लेबलावरचा गुन्हा क्रमांक आणि पत्रातला क्रमांक एकच आहे का, हे तो आधी बघतो. मग पृथक्करण करतो. जठरातल्या द्रवात कीटकनाशक आहे का? रक्तात अल्कोहोल किती? अहवालात तेवढंच लिहितो. ते विष कुणी दिलं आणि का दिलं, हा त्याचा प्रश्न नसतो. त्याचा विचार करून त्यानं आपला निष्कर्ष हलू देऊ नये, अशीच अपेक्षा असते. पुढे कधीतरी साक्षीला बोलावणं आलं, तर बचाव पक्षाचा वकील उलटतपासणी त्या सीलपासूनच सुरू करतो. हे काम मोलाचं आहे, आणि ज्याला चिकाटीचं, काटेकोर, तेच ते रासायनिक काम मनापासून आवडतं त्यानं जरूर करावं. पण तिथे ‘माळी खोटं बोलतोय’ म्हणायची सोय नाही. तुमच्या मुलीला पुस्तकांत जे आवडतं, नेमकं तेच तिथे वर्ज्य आहे.

शिवाय या सगळ्याचा पाया रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. रसायनशास्त्र तिला जड जातंय, म्हणून तुम्ही पुस्तकांना कुलूप लावलंत. आता त्याच पुस्तकांचं निमित्त करून तिला आणखी काही वर्षं रसायनशास्त्रच शिकायला पाठवायचं म्हणताय. पत्र लिहिताना हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

तरीही तिनं स्वतःहून हा रस्ता मागितला, तर माहिती असावी : राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, आणि गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. बारावीनंतर लगेच ‘फॉरेन्सिक’ अशी पाटी असलेलाच कोर्स घेतला पाहिजे असंही नाही. प्रयोगशाळांतल्या बऱ्याच पदांना रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राची साधी पदवी चालते, म्हणून मी तर म्हणेन आधी मूळ विषय पक्का करावा आणि फॉरेन्सिक पदव्युत्तर शिक्षणासाठी ठेवावं. सरकारी भरती निघते तेव्हा निघते. त्या भरवशावर वर्षं मोजत बसू नये. पोलीस खात्यात जायचं तर एमपीएससीचा मार्ग तुम्हाला ठाऊक असेलच. खासगी गुप्तहेराचं म्हणाल, तर त्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना देणारा कायदा नाही. २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. लग्नाआधी स्थळाची चौकशी हे त्या धंद्यातलं नेहमीचं काम, आणि दुसऱ्याचे कॉल रेकॉर्ड चोरून मिळवणं हा सरळ गुन्हा आहे. रहस्यकथेच्या चाहत्याला त्यात फार काळ गोडी वाटेल असं मला वाटत नाही.

कॉमिक्सबद्दल तुम्ही जे ‘घोडी झाली तरी’ म्हटलंय, ते मला खटकलं. चित्रं असली की पुस्तक लहान मुलांचं, हा हिशेब कुणी घालून दिला? तिच्या संग्रहातलं एखादं रहस्याचं कॉमिक कुलुपातून काढा आणि स्वतः वाचा. घाईनं नको. मोठी गुपितं बहुतेकदा पान उलटल्यावर, डाव्या पानाच्या सुरुवातीला फुटतात. उजव्या पानावर ती ठेवली, तर वाचकाची नजर आधीच तिथे धावेल आणि सगळी मजा जाईल. म्हणजे आधीच्या उजव्या पानाची शेवटची चौकट अशी रचावी लागते की हात आपोआप पान उलटेल. आणि महत्त्वाचा दुवा? तो चित्रात असावाच लागतो, नाहीतर वाचकाची फसवणूक होते. पण तो दिसता कामा नये. म्हणून चित्रकार तो चौकटीच्या कोपऱ्यात ठेवतो आणि तुमची नजर संवादाच्या फुग्याकडे ओढून नेतो. मुलगी हे सगळं वर्षानुवर्षं वाचतेय. तिला यातलं किती कळलंय ते मला माहीत नाही. तुम्हीही तिला कधी विचारलेलं दिसत नाही.

ती चित्रं काढते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काढत असेल तर एमएएच-एएसी-सीईटी, यूसीड, एनआयडीची डॅट या कला आणि डिझाइनच्या प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेच्या मुलांना देता येतात. पण एक स्पष्ट सांगते, म्हणजे उद्या ‘मॅडमनी सांगितलं’ म्हणून तुम्ही तिला ड्रॉइंगच्या क्लासला घालणार नाही : निव्वळ मराठी कॉमिक्सवर आज घर चालत नाही. हे काम करणारे लोक जाहिरातींचे स्टोरीबोर्ड, अ‍ॅनिमेशन, गेम, पुस्तकांची चित्रं असं बरंच काही करतात आणि त्यातून स्वतःच्या कॉमिक्ससाठी वेळ काढतात. रहस्यकथा लेखनाचंही तेच. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होत्या, विषांची माहिती त्यांना तिथे झाली, आणि त्यांची पहिली कादंबरी १९२० मध्ये आली. ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्ये सुरू करणारे अनंत पै शिकले होते रसायन तंत्रज्ञान. सरळ रस्त्यानं या गावाला फारसं कुणी पोचलेलं नाही.

‘डोक्यात खून-मारामाऱ्या भरतील’ अशी भीती पुष्कळ पालकांना असते. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण कुलपामागे ती असावी. मला विचाराल तर रहस्यकथेइतकं शिस्तीचं वाङ्मय दुसरं नाही. तिथे प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि गुन्हेगार बहुधा सापडतो, जे बाहेर नेहमी होत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्या कुणीतरी वाचल्याच ना? आपल्याच वडिलांच्या आणि आजोबांच्या पिढीनं, पाठ्यपुस्तकात लपवून. ती पिढी पुढे बँकांत, रेल्वेत, शाळांत नोकऱ्या करून निवृत्त झाली, आणि त्यांच्या वाचनाचं सार्थक झालं का, असं कुणी विचारलं नाही.

तुमच्या मुलीच्या आवडीतून करिअर निघालंच पाहिजे असं नाही, हे मला तुम्हाला आवर्जून सांगायचंय. कदाचित ती संख्याशास्त्र शिकेल. गणित चांगलं आहे, आणि गृहीतक चुकलं की हिशेब कसा फसतो हे तिला वहीतून कळलेलंच आहे. कदाचित कायद्याकडे जाईल, जिथे पुरावा कधी ग्राह्य आणि कधी नाही यावर अख्खा विषय शिकवतात. लेखापरीक्षणात जाऊन कंपन्यांच्या खात्यांतली कोरडी छत्री शोधेल, किंवा एखाद्या प्रकाशन संस्थेत बसून दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतली भोकं काढेल. किंवा यातलं काहीच नाही, आणि रात्री झोपताना रहस्यकथा वाचेल. यातला कुठलाही पर्याय पकडून लगेच चौकशीला लागू नका. मी ही नावं घेतली ती एवढ्यासाठी, की तिच्या आवडीला जोडलेलं एकच दार आहे आणि त्यावर फॉरेन्सिक लिहिलंय, असं तुम्हाला वाटू नये.

आज करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. कुलूप काढा आणि पुस्तकं परत द्या, कोणतीही अट न घालता. ‘पण अभ्यास’ हे शब्द त्या दिवशी नकोत. वहीबद्दल माफी मागा, तीही एकट्यात, पाहुण्यांसमोर नाही. तिनं लगेच वाचायला घेतलं नाही किंवा तुमच्याशी नीट बोलली नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. कुलूप लावायला तुम्हाला एक दिवस लागला असेल, विश्वास बसायला तिला जास्त वेळ लागेल. रसायनशास्त्रासाठी नेमकं काय अडतंय ते तिच्या शिक्षकांना विचारा. गणित चांगलं असून रसायनशास्त्र अडतं, तेव्हा बऱ्याचदा मोल संकल्पनेसारखा एखादा पायाचा धडा कच्चा राहिलेला असतो, आणि तो महिन्याभरात भरून निघतो. त्याचा पुस्तकांशी संबंध नाही.

फॉरेन्सिकचा फॉर्म बारावीपर्यंत भरायचा नाहीये, तेव्हा तो विषय सध्या घरात काढूच नका. आणि मला पुन्हा लिहायचं असेल तर पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही वाचायचं नाही. तिनं नाही लिहिलं, तरी चालेल.