हाडाच्या आत लाळग्रंथीची गाठ कशी?

प्रश्न : माझ्या आईच्या खालच्या जबड्यातील पोकळी एक्स-रेत साधी सिस्ट वाटली होती, बायोप्सीत मात्र लाळग्रंथीचा कर्करोग निघाला. हाडात लाळग्रंथी नसताना हे कसे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. अशा गाठी फार दुर्मीळ असून त्यांत म्यूकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, तोही बहुधा खालच्या जबड्याच्या मागील भागात. दातांशी निगडित सिस्टच्या अस्तरातील पेशी श्लेष्मा स्रवू लागणे, किंवा जबडा घडताना ग्रंथीचा अंश हाडात अडकून राहणे, ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. एक्स-रेत ही गाठ सिस्ट किंवा अमेलोब्लास्टोमासारखीच (दात घडवणाऱ्या पेशींच्या गाठीसारखीच) दिसते, म्हणून केवळ चित्रावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. निदान पक्के करताना विशेष रंजकाने पेशींतील श्लेष्मा दाखवावा लागतो, गाठ बाहेरच्या लाळग्रंथीतून आत शिरलेली किंवा दुसऱ्या अवयवातून पसरलेली नाही याची स्कॅनने खात्री करावी लागते, आणि फसवे साम्य असलेली ग्रंथिल दंतजन्य सिस्ट (ग्रंथीसारखे अस्तर असलेली, दातांशी निगडित सिस्ट) वगळावी लागते. येथे एमएएमएल-२ जनुकाची पुनर्रचना (ते तुटून दुसऱ्या जनुकाशी जोडले जाणे) सापडली, तर कर्करोगाच्या निदानाला भक्कम आधार मिळतो. ती न सापडल्याने मात्र तो नाकारता येत नाही. आईंच्या बायोप्सीच्या स्लाइड्स अशा गाठींचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा अवश्य तपासून घ्या.